साठीच्या उंबरठ्यावर पाठभर टॅटू: आईची अर्धी राहिलेली वीण

लोकरमाया

मी एकोणसाठ वर्षांची आहे. आजवर अंगावर साधा ठिपकाही गोंदवलेला नाही आणि आता एकदम पाठभर टॅटू काढायचं मनात घेतलंय. घरात सांगितल्यावर दोन दिवस कुणी नीट बोललं नाही, म्हणून इथे मन मोकळं करते.

तीन वर्षांपूर्वी माझी आई गेली, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. माझ्या नातवासाठी ती स्वेटर विणत होती. मागचा भाग सुईवर होता. पानांची जाळीदार वीण, एकसष्ट टाक्यांची. चौऱ्याहत्तर ओळी पूर्ण झाल्या होत्या. पंचाहत्तराव्या ओळीत तेवीस टाके उजव्या सुईवर आले, अडतीस डाव्या सुईवर राहिले. "उरलेलं उद्या" म्हणून तिने सुया लोकरीच्या गुंड्यात खोचल्या. दुसऱ्या दिवशी ती उठली नाही, आणि नवव्या दिवशी गेली.

मी ते सुयांसकट तसंच ठेवलं होतं. गेल्या महिन्यात कपाट आवरताना पाहिलं तर लोकरीला कसर लागलेली. दोन भोकं पडलीयत, एक करंगळी जाईल एवढं. ते बघितलं आणि त्या रात्री मला झोप आली नाही. आईचा हात जिथे थांबला ती जागा अशी विरून जाणार, हे मला सहन होत नाहीये. तेव्हाच टॅटूचं मनात आलं. तीच वीण, तितकेच टाके, तिथेच थांबलेली.

विचारायचं ते असं. या वयाच्या कातडीवर एवढं मोठं काम टिकतं का? कुणी पन्नाशी-साठीनंतर पहिला टॅटू काढलाय का? आणि हे अती होतंय असं वाटत असेल तर तेही स्पष्ट सांगा.

उनाडपाखरू

ताई, वाचता वाचता डोळे भरून आले. काढाच.

आडवाट

मी त्रेपन्नाव्या वर्षी पहिला काढला. मोठाच, दंडापासून कोपराच्या खालपर्यंत. तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर: टिकतो. पण विशीतल्या मुलाच्या हातावर जसा बसतो तसा बसत नाही. आपली कातडी सैल आणि पातळ झालेली असते, त्यामुळे काढणाऱ्याला ती एका हाताने ताणून धरावी लागते. माझ्या कारागिराने पहिल्याच भेटीत दंडाची कातडी चिमटीत धरून सोडली, किती वेगाने जागेवर जाते ते पाहिलं आणि मगच काम घेतलं. जो बघतसुद्धा नाही आणि लगेच तारीख देतो, त्याच्याकडे जाऊ नका.

दुखण्याचं म्हणाल तर रेघा ओढताना मांजराने सावकाश ओरखडल्यासारखं होतं. तिसऱ्या तासानंतर अंगच थकतं. पोट भरून जा, पाणी पीत राहा, आणि तीन-चार तासांच्या वर एका बैठकीत बसू नका.

निवांत

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. आई मनात असते. तिला कातडीवर आणायची गरज का पडावी? तो विणलेला तुकडा काचेच्या चौकटीत बसवा, भिंतीवर लावा. नातवालाही पुढे दाखवता येईल. टॅटू तुमच्याबरोबरच जाणार.

टाकेवाली

आधी तातडीचं. लोकरमाया, तो तुकडा हवाबंद पिशवीत घालून थेट फ्रीझरमध्ये ठेवा, किमान दोन आठवडे. मग बाहेर काढून पिशवी न उघडता पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि पुन्हा एकदा ठेवा. भोकं पाडतात त्या अळ्या, पतंग नाही, आणि अंडी डोळ्याला सहज दिसत नाहीत. डांबराच्या गोळ्यांवर विसंबू नका. टाके सुटू नयेत म्हणून सुयांच्या टोकांना रबर लावा. चौकट करा की टॅटू, ते नंतर बघू. आधी जे आहे ते वाचवा.

लोकरमाया

टाकेवाली, आत्ताच ठेवून आले. हात कापत होते, पण एकही टाका सुटला नाही. खूप खूप आभार.

निवांतजी, राग कसला! चौकटीचा विचार मीही केला, आणि करणारही आहे. पण चौकट भिंतीवर राहते आणि मी स्वयंपाकघरात. आईचा हात माझ्या पाठीवरून फिरायचा, लहानपणी झोपवताना आणि पुढे बाळंतपणातही. पाठ ही तिची जागा. ते टॅटूने परत येणार नाही हे मला कळतं. माझ्याबरोबरच जाणार म्हणालात, ते तर मला हवंच आहे.

निवांत

हे वाचून काय बोलावं कळत नाही. पाठीचं कारण मला सुचलंच नव्हतं. माझा आक्षेप मागे घेतो असं म्हणत नाही, पण तुम्ही निर्णय घाईत घेतलेला नाही एवढं पटलं.

त्वचेचं_बोलू

मी त्वचारोगाची डॉक्टर आहे. वय हा अडथळा नाही, पण आधी काही गोष्टी बघायला हव्यात.

शाई बसते ती वरच्या थरात नाही, कारण तो थर सतत झडत असतो. ती त्याखालच्या थरात, अंतस्त्वचेत बसते, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल. तिथल्या भक्षक पेशी शाईचे कण परके समजून गिळतात आणि ते पचत नाहीत म्हणून धरून बसतात. ती पेशी मेली की कण मोकळे होतात आणि नवी पेशी पुन्हा गिळते. २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात ही देवाणघेवाण स्पष्ट दिसली. थोडे कण लसिका ग्रंथींतही जाऊन साठतात. वयाबरोबर हा थर पातळ होतो, म्हणून सुई जरा जास्त खोल गेली की शाई खालच्या चरबीत पसरते आणि रेघेभोवती निळसर धूर आल्यासारखं दिसतं. आपल्या वयाला अनुभवी हातच लागतो तो यासाठी.

आता तुमच्याबद्दल: मधुमेह आहे का? असेल तर साखर ताब्यात असल्याशिवाय नको, जखम भरायला वेळ लागतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का? त्या स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका, ज्यांनी दिल्या त्यांना विचारा. जुन्या जखमेवर गाठीसारखा वण उठतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, काढायच्या आधी पाठीवरचे तीळ तपासून घ्या. तिळावर शाई चढली की त्याचा बदलता रंग किंवा कडा पुढे ओळखता येत नाही. कारागिराला तीळ सोडून काम करायला सांगा.

कोरा_कागद

एमआरआय करता येत नाही म्हणतात ना टॅटू असला की? या वयात तर कधीही लागू शकतो.

त्वचेचं_बोलू

करता येतो. काही रंगांत लोहाची संयुगं असतात, त्यामुळे क्वचित जागा गरम होते किंवा चुरचुरते. २०१९ मध्ये टॅटू असलेल्या ३३० जणांच्या तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात टॅटूमुळे त्रास झालेला निघाला एकच जण, तोही सौम्य. तपासणीआधी तंत्रज्ञाला सांगायचं आणि काही जाणवलं तर लगेच बटण दाबायचं. ॲलर्जीच्या तक्रारी सगळ्यात जास्त लाल रंगाच्या येतात. फक्त काळ्या-करड्यात काम असेल तर उत्तम, आणि पुढे काढून टाकावंसं वाटलं तरी लेझरला काळा रंगच सर्वात सोपा जातो.

प्रांजळ

मी दुसरी बाजू सांगते. बाबा गेले त्याच्या अठराव्या दिवशी मी मनगटावर त्यांची सही काढून घेतली. दुःखात होते, जी जागा आधी उघडी दिसली तिथे गेले. सही बारीक होती, काढणाऱ्याने आहे तशीच बारीक काढली आणि अक्षरांची पोटं चार वर्षांत बुजली. आज ते नाव वाचता येत नाही. एक डाग दिसतो फक्त. टॅटू काढल्याचा पस्तावा नाही, घाईचा आहे. त्याने मला थांबवायला हवं होतं असं वाटतं, आणि मग वाटतं की त्या दिवशी मी कुणाचं ऐकलं असतं?

ताई, तुम्ही तीन वर्षं थांबलात ते चांगलं झालं. पण जाळीची वीण म्हणजे नुसती भोकंच. लहान काढलीत तर माझ्यासारखं होईल.

सुईकाम

प्रांजळ, तुमच्या अनुभवाबद्दल फार वाईट वाटलं. मी स्वतः अकरा वर्षं टॅटू काढतो. तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर आहे. प्रत्येक रेघ वर्षागणिक थोडी जाड होते. आज दोन रेघांमध्ये एक मिलिमीटर जागा सोडली तर दहा-पंधरा वर्षांनी ती उरेलच असं नाही. म्हणून आम्ही मोठं काढा म्हणतो, त्यामागे पैशाचा विचार नसतो. टाक्यांची जाळी असेल तर एक टाका चार-पाच मिलिमीटरपेक्षा लहान नको, आणि भोकाच्या आत काहीही भरायचं नाही. तिथे कातडीच दिसली पाहिजे.

तुमचं गणित करून बघितलं. एकसष्ट टाके गुणिले साडेचार मिलिमीटर म्हणजे साडेसत्तावीस सेंटिमीटर. मध्यम बांध्याच्या पाठीवर सहज बसतं. आईंनी विणलेला तुकडा किती रुंद आहे?

लोकरमाया

आत्ता टेप लावली. पिशवीवरूनच मोजलं. अठ्ठावीस सेंटिमीटर.

सुईकाम

म्हणजे जसा आहे तसाच, खऱ्या मापाचा बसतो. लहानमोठं काही करावंच लागणार नाही.

उनाडपाखरू

माझ्या अंगावर काटा आला!!

पाटीपेन्सिल

अवांतर, पण राहवत नाही. १९९१ मध्ये आल्प्समध्ये बर्फात गोठलेला माणूस सापडला, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या अंगावर ६१ खुणा मोजल्यात, रेघा आणि फुल्या. ताईंच्या टाक्यांइतक्याच! वय पंचेचाळीसच्या आसपास, त्या काळाच्या मानाने पिकलेलं. बऱ्याच खुणा कंबर, गुडघा, घोटा अशा झिजलेल्या सांध्यांजवळ आहेत, म्हणून त्या दुखण्यावरचा उपाय असाव्यात असं अभ्यासकांना वाटतं. दुखतं तिथे खूण करायची ही जुनीच गोष्ट आहे.

आणि ज्या यंत्राने हे काम होतं त्याचं मूळही मजेदार. एडिसनने १८७६ मध्ये विजेवर चालणाऱ्या लेखणीचं पेटंट घेतलं, कागदाला बारीक भोकं पाडून नकला काढण्यासाठी. त्याच कल्पनेवरून सॅम्युएल ओरायली यांनी न्यूयॉर्कमध्ये १८९१ साली टॅटूच्या यंत्राचं पेटंट मिळवलं. नक्कल काढायचं यंत्रच ते. आईच्या विणीची नक्कल काढायला याहून योग्य काय!

टाकेवाली

आता विणकामाचं. लोकरमाया, तुम्ही दुसऱ्या विभागात टाकलेला फोटो मोठा करून टाका न् टाका वाचला. एका नक्षीला दहा टाके, सहा पानं, शेवटी एक टाका, असे एकसष्ट. खालून तिसऱ्या रांगेत, उजवीकडून चौथ्या पानात डाव्या अंगाला एक जाळी कमी आहे. लोकर पुढे घ्यायची राहिलीय. पुढच्याच ओळीला ते त्यांच्या लक्षात आलं असणार, कारण तिथे दोन टाक्यांमधली आडवी लोकर उचलून टाका भरून काढलाय. उसवलं नाही. ते पान म्हणून किंचित कलतं.

हे सांगण्याचं कारण असं की टॅटू काढणारा नक्षी संगणकावर घेईल, एक पान काढेल आणि सहादा चिकटवेल. मग ती कुठल्याही पुस्तकातली वीण होईल. तुमच्या आईची वीण ते कललेलं पान आहे.

दुसरं, दिशा. या विणीत पानाच्या एका कडेला दोन टाके एकत्र विणलेत, ते उजवीकडे झुकतात. दुसऱ्या कडेला टाके घसरवून विणलेत, ते डावीकडे. सुई लावायच्या आधी कातडीवर नक्षीचा छापा उमटवतात, तो उलटा उमटला तर सगळी पानं उलटी वळतील आणि तेवीस टाके डावीकडे जातील. ते तुमच्या उजव्या खांद्याकडे यायला हवेत. छापा कातडीवर लावल्यावर एका आरशात बघून हो म्हणू नका, आरशात सगळं उलटच दिसतं. कुणाला तरी मागून फोटो काढायला सांगा आणि तुकड्याशेजारी धरून बघा.

लोकरमाया

टाकेवाली, मी तो तुकडा शेकडो वेळा हातात घेतला असेल. चौथं पान मला कधीच दिसलं नाही. आत्ता फोटोत बोट ठेवून शोधलं आणि सापडलं. तिला मोतीबिंदूचा त्रास होता शेवटी. संध्याकाळी दिवा जवळ ओढून विणायची, मी ओरडायचे तिला.

ते पान तसंच काढायचं.

कोरा_कागद

मावशी, एक साधा प्रश्न. पाठीवर काढलंत तर तुम्हाला स्वतःला दिसणार कसं?

लोकरमाया

हे मला खरंच सुचलं नव्हतं. विचार करते.

मधली_बहीण

मी लेकीच्या बाजूने लिहिते. माझ्या आईने बासष्टाव्या वर्षी छातीवर टॅटू काढला. कर्करोगात एक स्तन काढल्यावर उरलेल्या व्रणावर, मोठं कमळ. मी खूप भांडले होते तिच्याशी. "आता शरीराला आणखी किती टोचणार?" असं विचारलं होतं. ती म्हणाली, आतापर्यंत सगळ्यांनी टोचलं ते त्यांच्या मर्जीने, हे माझ्या. वर्षभर थांबली, व्रण पूर्ण मऊ झाल्यावर डॉक्टरांना विचारून गेली. मी सोबत गेले नाही, आणि ते आजही सलतं. तुमची मुलगी गप्प असेल तर बहुधा ती घाबरलीय. सोबत चल म्हणून स्वतःहून विचारा तिला.

आडवाट

मधली_बहीणशी सहमत. सोबत माणूस हवाच. शिवाय पाठीला मलम स्वतःला लावता येत नाही!

स्वच्छतेचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सुया तुमच्यासमोर बंद पाकिटातून निघाल्या पाहिजेत आणि एकदाच वापरायच्या. परत वापरायची जी साधनं असतील ती ऑटोक्लेव्हमधून (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रातून) काढलेली हवीत, नुसती उकळलेली नकोत. करडा रंग करायला काळी शाई पातळ करतात, ती कशात करतात हे विचारा. नळाचं किंवा नुसतं गाळलेलं पाणी चालत नाही, निर्जंतुक हवं. अमेरिकेत २०११ च्या अखेरीस रॉचेस्टरमध्ये पातळ केलेल्या करड्या शाईतून अनेकांना जंतुसंसर्ग झाला होता. बधिर करायचं मलम पाठभर स्वतःहून लावू नका, एवढ्या जागेतून औषध अंगात शोषलं जातं.

निवांत

मी सकाळपासून कोरा_कागदच्या प्रश्नावर विचार करतोय. तेविसाव्या टाक्यातून लोकर पुढे गुंड्याकडे जात असेल ना? ती लोकर पाठीवरून खांद्यावर घेता येईल. खांद्यावरून पुढे, गळ्याच्या हाडापर्यंत. तेवढा धागा तुम्हाला रोज दिसेल.

टाकेवाली

निवांतजी!!! अगदी बरोबर. चालू लोकर शेवटच्या विणलेल्या टाक्यातूनच निघते. आणि तेवीस टाके उजव्या खांद्याकडेच आहेत.

उनाडपाखरू

चौकट लावा म्हणणारे काकाच धागा घेऊन आले. इथल्या चर्चेला धागा म्हणतात ते आज सार्थक झालं.

लोकरमाया

निवांतजी, तुमचा प्रतिसाद मी लेकीला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने कागद घेऊन आली आणि माझ्या खांद्यावर पेनने रेघ काढून बघितली, कुठून वळेल ती.

---

लोकरमाया (सात आठवड्यांनंतर)

उशिरा लिहितेय, माफ करा. सगळं टप्प्याटप्प्याने केलं.

त्वचेचं_बोलू यांनी लिहिलं तसं तीळ तपासले. चार तीळ नक्षीत येत होते, चारही जाळीच्या भोकात बसतील अशी नक्षी अर्धा सेंटिमीटर सरकवली. रक्तदाबाची गोळी चालू आहे, तिला डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. आधी बरगडीजवळ एका पानाची रेघ काढून तीन आठवडे वाट पाहिली. कातडीने नीट धरली, धूर नाही.

मग परवा पहिली बैठक झाली. मी तो तुकडा घेऊन गेले होते. कारागीर मुलगी तिशीची असेल. तिने हातमोजे काढले, हात धुतले आणि मगच तो हातात घेतला. बराच वेळ नुसती बघत होती. छापा लावल्यावर लेकीने मागून फोटो काढला, तुकड्याशेजारी धरला आणि म्हणाली, चौथं पान सरळ झालंय. संगणकाने ते आपोआप नीट केलं होतं! छापा पुसला, पुन्हा काढला. टाकेवाली, तुमच्यामुळे.

साडेतीन तास पालथी पडून होते. कण्याजवळ आणि खांद्याच्या हाडावर खूप दुखलं, लपवत नाही. मध्ये एकदा रडले, पण ते दुखण्याने नव्हतं. सुई टाक्याटाक्याने वर सरकत होती, खालून वर, आई विणायची तशीच, आणि मला पाठीवर ओळी मोजता येत होत्या. त्या बैठकीत साठ ओळींच्या रेघा झाल्या. उरलेलं चार आठवड्यांनी.

प्रांजळ

"उरलेलं" वाचून थांबले.

सुईकाम

बढिया. दोन-तीन आठवडे कातडी सुटेल, खाज येईल, नखं लावू नका. ऊन टाळा, पोहायला जाऊ नका. वरून भरली तरी आतून भरायला काही महिने लागतात, म्हणून रंग लगेच फिका वाटला तर घाबरू नका.

---

लोकरमाया (आणखी तीन महिन्यांनंतर)

पूर्ण झाला. सुया काढल्या नाहीत, नुसते उघडे टाके ठेवलेत. उजवीकडे तेवीस एक ओळ वर आणि डावीकडे अडतीस खाली. मधे एका ओळीची पायरी. तिथून लोकर निघते, खांद्यावरून वळून गळ्याच्या हाडाखाली संपते. वेणी घालताना आरशात तेवढी दिसते. तुकडा आता चौकटीत आहे, निवांतजी, भोकांसकट.

सुरुवातीला दोन दिवस न बोललेले आमचे हे रोज रात्री मलम लावतात. काल लावता लावता थांबले आणि वरची ओळ मोजायला लागले. बोट ठेवून, एक एक. साठ म्हणाले. मी म्हटलं एकसष्ट आहेत, परत मोजा.

टाकेवाली

काठाचा सोडला असेल त्यांनी. नवशिके नेहमी काठाचा सोडतात.

लोकरमाया

तोच सोडला होता.